उचल दिली, मग केकचा हिशेब मागायचा का?

एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. नाव-गाव अर्थातच देत नाही. पुण्यात राहतात, पन्नाशी ओलांडलेली, नवरा-बायको दोघंही नोकरीत. त्यांच्याकडे गेली अकरा वर्षं एक मावशी कामाला येतात. धुणं, भांडी, केर-फरशी आणि सणावाराला पुरणपोळ्या. जूनमध्ये मावशींच्या मुलीला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला. फी, हॉस्टेलचं डिपॉझिट, पुस्तकं यांसाठी मावशींनी २० हजारांची उचल मागितली. या भगिनींनी ती बिनव्याजी दिली. मावशींनी फीची पावती आणून दाखवली. पगारातून दरमहा २ हजार कापायचे ठरलं आणि तसे ते कापले जातात.

सप्टेंबरमध्ये मावशींच्या धाकट्या मुलाचा वाढदिवस झाला. त्याचे फोटो त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवले. मुलाचा फोटो छापलेला दोन मजली केक, फुग्यांची कमान, वस्तीतली पंचवीस-तीस पोरं. आणि मागच्या भिंतीवर नवाकोरा ३२ इंची टीव्ही, ज्याच्या कोपऱ्यातलं स्टिकरसुद्धा अजून काढलेलं नाही. टीव्ही हप्त्यावर घेतल्याचं नंतर कळलं.

वाचक भगिनी लिहितात: "वीस हजार ही आमच्यासाठी फार मोठी रक्कम नाही, पण फसवल्यासारखं वाटलं. मी स्वतः चाळीत वाढले. वडील जिल्हा परिषदेत कारकून. वाढदिवसाला आई शिरा करायची, औक्षण करायची, संपलं. आम्ही पै-पै साठवली म्हणून इथवर आलो. यांना पुढे जायचंच नाही का? मिस्टर म्हणतात, ऋण काढून सण करणाऱ्यांना मदत करून उपयोग नाही. मुलगी म्हणते, आई, तुला काय करायचंय? मी मावशींशी याबद्दल बोलू का? आणि पुढच्या वर्षी फीसाठी पुन्हा पैसे मागितले तर द्यायचे का?"

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही अर्ध्या ओळीत सांगून पुढे गेला आहात. हप्ता ठरल्याप्रमाणे कापला जातो. या महिन्यात राहू द्या, असं मावशी एकदाही म्हणाल्या नाहीत. पावती त्यांनी आपण होऊन आणून दाखवली. म्हणजे पैसे ज्यासाठी मागितले त्यासाठीच गेले आणि ठरल्या गतीने परत येत आहेत. बँकेत अशा खात्याला नियमित खातं म्हणतात, आणि खातं नियमित असलं की त्या माणसाच्या घरी वाढदिवसाला काय झालं हे बघायला बँक जात नाही. तुमच्या फ्लॅटचं कर्ज फिटायच्या आधी तुम्हीही कधी महाबळेश्वरला गेला असाल, लेकीचा वाढदिवस हॉटेलात केला असेल. त्यापायी बँकेच्या मॅनेजरला कुणी फसवल्यासारखं वाटलं नसणार.

मग तुम्हाला तसं का वाटलं? मला दिसतं ते असं. उचल देताना तुमच्या मनात आणखी एक करार होऊन गेला होता. पैसे फिटेपर्यंत मावशींनी अडचणीत असल्यासारखं दिसायचं. वाईट मनाने नव्हे. मदत करणाऱ्या पुष्कळ भल्या माणसांच्या मनात तो होतो, माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत तर वरचेवर दिसतो. पण त्या करारावर मावशींची सही नव्हती. त्यांना तो ठाऊकही नव्हता. ठाऊक असता तर तो फोटो त्यांनी स्टेटसला ठेवला नसता, निदान तुमच्यापासून लपवून ठेवला असता. त्यांनी लपवलं नाही, याचा अर्थ आपण काही चुकीचं करतोय असं त्यांच्या मनातही आलेलं नाही. अकरा वर्षांच्या ओळखीत याला काही किंमत द्यायला हवी.

आता पैशांचं बोलू, कारण तुमचा खरा युक्तिवाद पैशांचा आहे. हा खर्च टाळला असता तर ते पुढे गेले असते, असं तुम्ही म्हणता. करून बघू हिशेब. उपनगरातल्या बेकरीत फोटो केक बाराशे-पंधराशेला मिळतो. फुगे, वेफर्स, थंड पेयाच्या दोन-तीन मोठ्या बाटल्या धरून अडीच हजार झाले म्हणू. वर्षाला अडीच हजार म्हणजे महिन्याला दोनशेच्या जरा वर. मावशींनी पाच वर्षं मुलाचा एकही वाढदिवस केला नाही आणि ते दोनशे रुपये दर महिन्याला न चुकता पोस्टाच्या आवर्ती ठेवीत टाकले, तर सध्याच्या व्याजदराने पाच वर्षांनी त्यांच्या हातात साधारण १४ हजार येतील. एका प्रवेशाला २० हजार लागले. म्हणजे मुलगा सात वर्षांचा असेल तर बारा वर्षांचा होईपर्यंत त्याने केक कापायचा नाही, आणि त्या बदल्यात घराला बहिणीच्या एका वर्षाच्या खर्चाचे दोन तृतीयांश पैसे मिळणार. ही काटकसर कुणी केली तर मी तिला नावं ठेवणार नाही. पण ती न केल्यामुळे हे घर गरीब राहिलं, असं म्हणायला हा आकडा फार तोकडा आहे.

जाता जाता एक. केकला मजले किती होते हे तुमच्या पत्रात आहे, टीव्ही किती इंची हेही आहे. तुम्ही मावशींना पगार किती देता हे चार पानांत कुठेच नाही. मी विचारत नाही. पण घर पुढे का जात नाही, हा प्रश्न पडला की तोही आकडा हिशेबात धरायचा असतो.

तुमच्या आईच्या शिऱ्याबद्दल मला आदर आहे. तसल्या घरांतली शिस्त मी जवळून पाहिलेली आहे. साबणाच्या उरलेल्या चिपा नव्या वडीला चिकटवणारी, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूने वह्यांना कव्हरं घालणारी. पण त्या काटकसरीला एक भक्कम पाया होता, तो तुम्ही हिशेबात धरलेला नाही. वडील जिल्हा परिषदेत कायम नोकरीला होते. पगार मोठा नसेल, पण तो ठरलेला होता. आजारी पडलं तर रजा होती, प्रॉव्हिडंट फंड कापला जात होता, निवृत्तीनंतर पेन्शन होतं. आज वाचवलेली पै उद्या जागेवर सापडेल याची खात्री होती. मावशींचा नवरा सेंट्रिंगच्या कामावर जातो असं तुम्ही लिहिलं आहे. त्याला पावसाळ्याचे तीन-चार महिने काम असेल तर असेल. मावशी आजारी पडल्या तर त्या काम करतात त्या पाच घरांपैकी किती घरी खाडे धरले जातात, हे त्यांनाच विचारा. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरंच. पण ज्याच्या अंथरुणाची लांबी दर महिन्याला बदलते त्याने काय करायचं? अशा घरात साठवलेले पैसे बहुधा साठत नाहीत. कुणाचा तरी दवाखाना, गावाकडचं मयत, छपराचा पत्रा. दोन-चार हजार जमले की त्यांना पाय फुटतात. केकचे पैसे मात्र ज्यासाठी जमवले त्यासाठीच खर्च झाले, ही त्या घरातली दुर्मीळ गोष्ट असू शकते.

आणि तो खर्च झाला कुणावर? वस्तीतल्या पंचवीस-तीस पोरांवर. मावशी सकाळी सातला घर सोडतात. त्यांच्या मुलाला शाळेत कोण सोडतं, पाण्याच्या वेळी त्यांचा हंडा कोण भरून ठेवतं, रात्री अपरात्री रिक्षाला पाचशे रुपये कोण काढून देतं? त्याच पोरांच्या आया. आपल्याकडे पैसा असला की यातलं बरंचसं विकत मिळतं. पाळणाघर, टँकर, इन्शुरन्स. तिथे ते एकमेकांच्या दारात जाऊन-येऊनच मिळतं. वर्षभर दुसऱ्यांच्या वाढदिवसाचा केक खाल्ला आणि आपल्या वेळी दार लावून घेतलं, असं वस्तीत चालत नाही. खरं तर सोसायटीतही चालत नाही.

टीव्हीकडे वळते, कारण माझा अंदाज आहे की तुम्हाला केकपेक्षा टीव्ही जास्त टोचला.

अर्थशास्त्राचं नोबेल २०१९ साली ज्यांना मिळालं त्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी अत्यंत गरीब माणसांच्या रोजच्या जमाखर्चाचा बराच अभ्यास केला आहे. (बॅनर्जींच्या आई निर्मलाबाई मूळच्या मराठी, हे आपल्याकडे नोबेलच्या वेळी कौतुकाने सांगितलं गेलं, अभ्यास काय होता हे मात्र कमी लोकांनी वाचलं.) २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका लेखात राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्याची पाहणी आहे. तिथल्या अत्यंत गरीब कुटुंबांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक घरांनी त्या वर्षी लग्न, अंत्यविधी किंवा सण यावर खर्च केला होता, आणि मधल्या पातळीवरचं घर वर्षाच्या खर्चातला १० टक्के भाग नुसत्या सणावारावर घालवत होतं. ही पोटभर जेवणारी घरं नव्हती. सण, तंबाखू आणि दारू यांचे पैसे अन्नाकडे वळवले असते तर अन्नावर ३० टक्क्यांपर्यंत जास्त खर्च करता आला असता, हेही त्याच लेखात आहे. तरी त्यांनी तसं केलं नाही. मोरोक्कोतल्या एका खेड्यात या अभ्यासकांना असा माणूस भेटला ज्याच्या घरात खायची भ्रांत होती आणि तरी टीव्ही, डीव्हीडी प्लेयर होता. हे कसं, असं विचारल्यावर तो हसून म्हणाला, टीव्ही जेवणापेक्षा महत्त्वाचा! त्या गावात वर्षाकाठी शेतावर आणि बांधकामावर मिळून काही महिन्यांचंच काम होतं. उरलेले दिवस काढायचे कसे, हा तिथला मोठा प्रश्न होता.

यावरून गरिबांना नियोजन कळत नाही असा अर्थ काढणारे काढतात. मला उलटं दिसतं. टीव्ही हे बहुतेक वेळा नियोजनच असतं. महिनोन् महिने पैसे बाजूला ठेवून किंवा हप्ता झेपेल की नाही हे बोटांवर मोजून घेतलेली ती वस्तू असते. चौघांनी एकदा मॉलमध्ये सिनेमा बघायचा तर तिकिटं आणि पॉपकॉर्न मिळून हजार-दीड हजार सहज जातात. दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसांची रोजची संध्याकाळ सरते आणि सात वर्षांचं पोर अंधारात रस्त्यावर न फिरता घरात बसतं, याच्या तुलनेत टीव्ही महाग नाही. दिवसभर पाच घरांत उभ्याने काम केलेल्या बाईने रात्री तासभर पाय पसरून मालिका बघावी की नाही, यावर तर मला चर्चाच करवत नाही.

गरिबीचं माप आपण पोटावरून काढत आलो. ते काम तुमच्याच शहरात झालं. १९७१ साली गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी माणशी रोज २२५० उष्मांक हे गमक धरून दारिद्र्याचा अभ्यास मांडला. त्या काळात ते फार मोठं आणि आवश्यक काम होतं. किती माणसं अर्धपोटी आहेत हे निदान कळलं. पुढे २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरात माणशी रोज ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये असे आकडे दिले तेव्हा देशभर खिल्ली उडाली. पण आकड्याला हसणारे आपणही मनात तेच माप वापरतो. पोटापुरतं मिळालं ना, मग बाकीचं कशाला? सरकारलासुद्धा अधूनमधून हे उमगतं. २०२२च्या दिवाळीत रेशनवर शंभर रुपयांत रवा, हरभरा डाळ, साखर आणि पामतेल दिलं, त्याला नाव दिलं 'आनंदाचा शिधा'. गहू-तांदळावर जीव जगतो; दिवाळीला घरात तळणीचा वास यावा लागतो, हे ज्याला सुचलं त्याला माणसं कळत होती.

मिस्टरांचं 'ऋण काढून सण' हे वाक्य आपल्याकडे फार जुनं आहे, आणि त्याची एकदा सरकारी चौकशीसुद्धा होऊन गेली आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली, कर्जरोखे जाळले. बघता बघता हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरलं. शेतकरी कर्जात का बुडाला हे शोधायला इंग्रज सरकारने आयोग नेमला. तेव्हाच्या साहेबांचं आणि शहरातल्या शहाण्यांचं ठाम मत होतं की कुणबी लग्नकार्यात पैसा उधळतो म्हणून बुडतो. आयोगाने हिशेब तपासले आणि निष्कर्ष काढला की लग्न-सणांच्या खर्चाला कर्जाचं कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिलं गेलं आहे. ऐपतीच्या मानाने तो खर्च जास्त असतो खरा, पण असे प्रसंग क्वचित येतात. कर्ज वाढत होतं ते ठरावीक रोखीत भरायच्या शेतसाऱ्यामुळे, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कोसळलेल्या कापसाच्या भावामुळे आणि व्याजावर चढणाऱ्या व्याजामुळे. त्यातूनच १८७९चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. दीडशे वर्षं होत आली. आयोगाचा अहवाल दप्तरात गेला, वाक्य मात्र अजून जेवणाच्या टेबलावर आहे.

एक गोष्ट जरा जड मनाने लिहिते. तुम्हाला उद्देशून नाही, पण या विषयात ती टाळता येत नाही. आपल्या देशात कुणी काय खावं, काय ल्यावं हे पैशांवर ठरायच्या आधी जातीवर ठरत होतं. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकीकत डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली नोंदवून ठेवली आहे. यात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य गृहस्थाने आपल्या माणसांना जेवण घातलं आणि पानात तूप वाढलं. लाठ्या घेऊन शेकडो सवर्ण धावून आले, अन्न उधळलं, जेवणाऱ्यांना मारलं. तूप त्याच्या पैशाचं होतं, कुणाकडून उसनं आणलेलं नव्हतं. राग पैशाच्या उधळपट्टीचा नव्हताच. 'त्यांच्या' पानात 'आपलं' तूप दिसलं याचा होता. त्या जमावात तुम्ही नाही, मीही नाही. पण स्टेटसवरचा फोटो बघून मनात जी पहिली कळ उठते ती तपासून घ्यायला हरकत नाही. तोच केक साधा, एक मजली असता तर? टीव्ही जुना, डब्यासारखा असता तर? तरीही तेवढंच लागलं असतं का? उत्तर मला कळवू नका, तुमचं तुम्हाला कळलं म्हणजे झालं.

आता तुमची काळजी जिथे रास्त आहे तिथे येते. मी काही गरिबांचा प्रत्येक खर्च डोळे झाकून गोड मानणारी नाही. दारू आणि गुटख्यात पैसा जातो तेव्हा तो बहुतेक वेळा एकाच्या चैनीसाठी बाकीच्यांच्या ताटातून जातो. त्याला मी सुख म्हणणार नाही. (मदतीचे रोख पैसे दारूतच जातात, हा समज मात्र खरा नाही. जागतिक बँकेच्या दोन अभ्यासकांनी २०१४ साली निरनिराळ्या देशांतले १९ अभ्यास तपासले. रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यांत जवळजवळ कुठेच दिसलं नाही. लाडक्या बहिणीच्या पंधराशेवर सोसायटीच्या ग्रुपवर जे विनोद फिरतात ते पुढे ढकलण्यापूर्वी हे आठवावं.) लग्नासाठी जमीन विकणं, महिन्याला शेकडा पाच-दहा रुपयांनी पैसे उचलणं, हेही घराला खड्ड्यात घालतं. वाढदिवस आणि हप्त्याचा टीव्ही या रांगेत बसत नाहीत. पण हप्त्यात एक खरा धोका आहे, आणि तुम्ही उपयोगी पडू शकाल ती जागा नेमकी तीच.

दुकानात 'बिनव्याजी हप्ता' सांगतात. हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो, बहुधा महिन्याच्या दोन किंवा पाच तारखेला. घरकामाचे पगार होतात कुठे एकला, कुठे सातला, कुठे दहाला. पाच तारखेला खात्यात दोनशे रुपये कमी पडले की हप्ता परत जातो, मग फायनान्स कंपनीचा दंड, वर बँकेचा वेगळा दंड. दीड हजाराच्या हप्त्यावर एका फटक्यात पाच-सातशे रुपये जातात, आणि वर्षात असं तीनदा झालं की बिनव्याजी टीव्ही सावकारी व्याजाचा होतो. इथे शहाणपण शिकवायची गरज नाही, तारीख जुळवायची गरज आहे.

तेव्हा बोलायचंच असेल तर हे बोला: "मावशी, टीव्हीचा हप्ता कितव्या तारखेला जातो? माझा पगार त्याच्या आधी खात्यात टाकू का?" एवढंच. आणि बोलताना आधी टीव्ही कसा चाललाय ते विचारा, मुलाला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्या. तुम्ही स्टेटस बघितल्याचं त्यांना माहीत आहे, कुणी कुणी पाहिलं ते त्यांना दिसतं. महिनाभर तुम्ही त्यावर एक शब्द बोलला नाहीत, हेही त्यांच्या लक्षात आलेलं असणार. केक, खर्च, 'आमच्या वेळी' यातलं काही नको. मालकिणीच्या तोंडून आलेल्या अशा सल्ल्याला मावशी 'हो ताई' याशिवाय दुसरं काय म्हणू शकतात? ज्याला उलट उत्तर द्यायची सोय नाही त्याला दिलेला सल्ला बहुतेक वेळा आपल्याच समाधानासाठी असतो.

पुढच्या वर्षी फीसाठी पैसे मागितले तर द्यायचे का? तुम्हाला परवडत असतील आणि ही उचल तोवर फिटली असेल तर जरूर द्या. यंदासारखंच: रक्कम, महिन्याचा हप्ता, शेवटची तारीख, दोघींच्या वहीत लिहून. अट घालायची ती परतफेडीची घाला. बाकीच्या पैशांचं मावशींनी काय करायचं ते उचलीच्या कागदावर येत नाही. परवडणार नसेल तर सरळ नाही म्हणा. पण नाही म्हणताना केकचं कारण काढू नका. तो नकार मग मुलीच्या डोक्यावर कायमचा राहतो. भावाच्या वाढदिवसामुळे माझं शिक्षण अडलं, असं तिच्या मनात रुजवायचं आहे का?

त्याहून चांगला मार्ग असा की पुढच्या वर्षी मागायची वेळच कमी यावी. मुलीची शिष्यवृत्ती किंवा फीमाफी लागू होते का, हे राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर बघावं लागतं. गाडी अडते ती तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यापाशी, जातीच्या दाखल्यापाशी आणि आधारशी न जोडलेल्या बँक खात्यापाशी. हे तुमच्या लेकीचं काम. "तुला काय करायचंय" म्हणणं सोपं आहे. तिचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, केकबद्दल आपल्याला काही करायचं नाही. पण अकरा वर्षं जी बाई तुमचं घर सांभाळते तिच्याबद्दल करण्यासारखं पुष्कळ आहे. लेकीने एका रविवारी लॅपटॉप घेऊन मावशींच्या मुलीबरोबर बसावं.

त्याच रविवारी मावशींच्या आणि त्यांच्या नवऱ्याच्या बँक खात्यांवर दोन विमे चालू आहेत का तेही बघून घ्या. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत अपघाताचं दोन लाखांचं संरक्षण देतो, जीवनज्योती ४३६ रुपयांत आयुर्विम्याचं दोन लाखांचं. दोन्हींचे पैसे मेअखेरीस खात्यातून आपोआप जातात, आणि खातं रिकामं असेल तर विमा गुपचूप बंद पडतो. सेंट्रिंगच्या परांचीवर चढणाऱ्या माणसाच्या घराला या ४५६ रुपयांची गरज आहे. दवाखान्यासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. कोणत्या रुग्णालयात ती चालते हे आजारपण येण्याआधी माहीत असलेलं बरं. असं घर बुडतं ते अपघाताने, आजारपणाने. वाढदिवसाने बुडालेलं मी तरी पाहिलं नाही.

अशाच आशयाची इतरही पत्रं येतात, त्यांना इथेच थोडक्यात सांगते. गावाकडच्या भावाला पैसे पाठवणाऱ्यांनी पाठवताना ठरवावं की ही भेट आहे की कर्ज. भेट असेल तर पाठवल्याक्षणी ते पैसे आपले राहिले नाहीत. वहिनीच्या अंगावर नवी साडी दिसली म्हणून दिवाळीत तोंड फिरवू नये. मुलांच्या वसतिगृहाला दरवर्षी वह्या-पेन देणाऱ्यांनी एकदा तिथल्या मुलांना विचारून बघावं. वह्यांचे गठ्ठे कपाटात पडून असतात आणि क्रिकेटचा चेंडू मिळत नाही, असं ऐकायला मिळेल. आणि ज्या भगिनीने लिहिलं आहे की नवऱ्याचं काम सुटलेलं असताना मुलीला पैंजण घेतले म्हणून सासरचे बोलतात: अगं, घेतलेस ना? घालू दे तिला.

आता तुमच्या मिस्टरांचा 'उपयोग'. मदतीचा उपयोग झाला की नाही हे बघायचं तर पॉलिटेक्निकच्या वर्गात बघा. मुलगी पहिल्या वर्षाला बसली आहे, तुमच्या उचलीने बसली आहे आणि तिच्या आईच्या पगारातून ती उचल फिटते आहे.

दिवाळी तोंडावर आली आहे, म्हणून एक शेवटचं. सुट्टी, पगार, बोनस हे या शहरातल्या बायकांनी भांडून मिळवायचे विषय आहेत. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी पगार आणि सुट्टीसाठी संप केला होता, आणि घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा व्हायला २००८ साल उजाडलं. तेव्हा महिन्याचा पूर्ण पगार बोनस म्हणून द्या, रोख द्या. जुन्या साड्या आणि फराळाचा डबा हवं तर वेगळा, पण तो बोनसमध्ये धरू नका. उचलीचा हप्ता नेहमीप्रमाणे पगारातून कापा, बोनसला हात लावू नका. आणि पैसे वसुबारसेच्या आधी चार दिवस हातात पडतील असं बघा. शेवटच्या दिवशी मिळाले की बाजारात भावही चढलेले असतात आणि मुलांच्या मापाचे कपडेही संपलेले असतात.

तुमची,
सदरलेखिका